अश्वगंधा, ब्राह्मी, जायफळ : झोपेसाठी आणि मन:शांतीसाठी घरात काय काय घेतलं जातंय? (पुणे)

निशिगंधा_कोथरूड

मंडळी, जरा लांबलचक आहे, पण वाचा.

सासूबाई (वय ६६, आमच्याबरोबरच राहतात) त्यांची धाकटी बहीण गेल्यापासून पार कोमेजल्यात. रात्री अकराला आडव्या होतात आणि तीनला टक्क जाग्या. जेवण कमी, चिडचिड जास्त, मधूनच छातीत धडधड. भिशी सुटली, भजनी मंडळ सुटलं. थायरॉइडची गोळी कित्येक वर्षं चालू आहे, बीपीचीही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ या म्हटलं की "मला काय येरवड्याला पोचवताय का?" हे ठरलेलं उत्तर. (येरवडा म्हणजे तिथलं मनोरुग्णालय. पुण्यात हे वाक्य ऐकलं नाही असं एक घर दाखवा.)

दरम्यान येणारा जाणारा काहीतरी आणून देतोय. स्वयंपाकघरातल्या कपाटात सध्या रविवार पेठेतून आणलेलं अश्वगंधा चूर्ण, ब्राह्मी वटी, शंखपुष्पीचं सिरप, एका मावससासूबाईंनी दिलेल्या 'शांत झोपेच्या' गोळ्या (लेबल अर्धं फाटलेलं) आणि जायफळ, एवढा ऐवज आहे. त्या आळीपाळीने सगळं घेतात. त्यांचा यावर विश्वास आहे आणि तो मोडायची मला हौस नाही. पण यातलं उपयोगी काय, बिनकामाचं काय आणि चालू गोळ्यांबरोबर चालत नाही असं काय?

'सगळं थोतांड' किंवा 'आयुर्वेदात सगळं आहे' एवढेच प्रतिसाद कृपया नकोत. ते दोन्ही मी घरात रोज ऐकते, नवरा आणि दीर यांच्या तोंडून.

टेकडीकर

अश्वगंधेचा माझा अनुभव चांगला आहे. हिंजवडीत नोकरी, अमेरिकेच्या वेळेनुसार मीटिंगा, झोपेचं पार खोबरं झालं होतं. वैद्यांनी रात्री क्षीरपाक घ्यायला सांगितला. चूर्णाच्या आठपट दूध, बत्तीसपट पाणी, सगळं एकत्र करून मंद आचेवर ठेवायचं आणि दूध तेवढं उरेपर्यंत आटवायचं. आमच्या घरी त्याचा असा वास सुटायचा की मुलगी नाकाला रुमाल लावून अभ्यासाला बसायची. आधी चूर्णाचे गठ्ठे वर तरंगतात, ढवळत राहावं लागतं, मग हळूहळू दुधाला मातकट रंग येतो आणि भांड्याच्या कडेला पिवळट साय धरते. गाळून, थोडी खडीसाखर घालून घ्यायचं.

महिन्याभरात झोप सुधारली. आता ती अश्वगंधेने सुधारली, की त्याच सुमारास पहाटे वेताळ टेकडी चढायला लागलो म्हणून, की रात्री तास-अर्धा तास मोबाइल सोडून पातेल्यापाशी उभा राहिलो म्हणून, देव जाणे.

पेठेतला_खवचट

निशिगंधाताई, तुमच्या कपाटाची तर मिसळ झालीय. फरसाण कुठलं, मटकी कुठली आणि जळजळ कशाने झाली, कोण सांगणार? आधी सगळं बंद करा, मग एकेक चालू करा. हलकं घ्या. पण खरंच करा.

फार्माबाई

खवचट नेहमीसारखेच बोललेत, पण बोललेत बरोबर. फक्त 'सगळं' यात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या धरू नका. बीपीची किंवा थायरॉइडची गोळी मनाने बंद करायची नाही.

औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिला मुद्दा अश्वगंधा आणि थायरॉइड. थायरॉइड किंचित कमी पडणाऱ्या ५० जणांवरची एक छोटी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुळाचा ६०० मिलिग्रॅम अर्क रोज, आठ आठवडे दिला. टीएसएच (मेंदूकडून थायरॉइडला जाणारा 'काम कर' हा इशारा) खाली आला, टी३ आणि टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स वर गेली. ज्यांचं हार्मोन कमी आहे त्यांना हे बरंच वाटेल. पण जी बाई आधीच थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) घेते तिच्यात वरून ही भर पडली तर हार्मोन गरजेपेक्षा जास्त होऊ शकतं. जास्त झालं की धडधड, झोप उडणं, चिडचिड, वजन उतरणं. निशिगंधा, तू वर लिहिलेली लक्षणं पुन्हा एकदा वाच. हेच झालंय असं मी इथे बसून म्हणणार नाही. टीएसएच शेवटचा कधी तपासला होता?

दुसरं म्हणजे थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. लगेच वरून दुधातलं चूर्ण किंवा चहा घेतला तर ती नीट शोषली जात नाही. गोळी सकाळी आणि दूध रात्री असेल तर हा प्रश्न नाही, पण आपल्याकडे 'अनशापोटी चांगलं असतं' म्हणून सगळंच सकाळी पोटात जातं.

आता उपयोगाचं. तणाव आणि झोप यांवर अश्वगंधेच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. त्या बहुतेक लहान आणि दोन-तीन महिन्यांच्या आहेत. तणावाच्या प्रश्नावलीत फरक दिसतो, कॉर्टिसॉल (तणावाचं हार्मोन) थोडं उतरतं, झोपेला थोडी मदत होते. 'थोडी' हा शब्द जपून वाचा. शिवाय चाचण्या मुळाच्या प्रमाणित अर्कावरच्या आहेत, चूर्णाची मात्रा वेगळी असते (आयुर्वेदात साधारण ३ ते ६ ग्रॅम), त्यामुळे एकावरून दुसऱ्याचा हिशेब मांडता येत नाही. 'ब्राह्मी' म्हणून मिळणाऱ्या जलब्राह्मीच्या चाचण्या मुख्यतः स्मरणशक्तीवरच्या आहेत, परिणाम दिसायला बारा-एक आठवडे लागतात आणि पोट बिघडणं ही नेहमीची तक्रार. तीन रात्रींत झोप लागावी म्हणून ब्राह्मी घेणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही.

शंखपुष्पीचं सिरप सगळ्यात निरुपद्रवी समजलं जातं, दहावीच्या मुलांना तर सर्रास. पण घरात कुणाला फिटची गोळी, फेनिटोइन, चालू असेल तर सांभाळा. शंखपुष्पीच्या औषधाने रक्तातलं फेनिटोइन कमी होतं आणि आटोक्यातल्या फिट पुन्हा येऊ शकतात, हे मुंबईच्या अभ्यासकांनी १९९२ मध्येच दाखवलंय.

जायफळ सहाणेवर दोन वळसे उगाळलेलं ठीक. पण 'थोड्याने थोडी झोप, जास्तीने जास्त' असं त्याचं नाही. पाचेक ग्रॅम पोटात गेलं तरी तोंड कोरडं पडणं, धडधड, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. एक अख्खं जायफळ साधारण तेवढंच भरतं.

आणि त्या फाटक्या लेबलच्या गोळ्यांवर जे काही वाचता येतंय ते इथे लिही. मला सगळ्यात काळजी त्यांची आहे.

वैद्य_रास्तापेठ

फार्माबाईंशी बहुतांशी सहमत. पण औषध सुटं काढून 'उपयोग आहे का' असं विचारणं ही आयुर्वेदाची रीत नाही.

चरकाने मेध्य (बुद्धीला पोषक) रसायनं म्हणून चार सांगितली : मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा रस), दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटलेला गोळा). या चारांत अश्वगंधा नाही. अश्वगंधा बल्य आहे, बृंहण आहे, म्हणजे ताकद देणारी, अंग भरणारी. खंगलेल्या, वात वाढलेल्या माणसाला ती उत्तम. पण आज ज्याला त्याला 'स्ट्रेस आहे ना, अश्वगंधा घे' हे चाललंय ते जाहिरातींचं वैद्यक आहे. भूक मेलेल्या बाईला रात्री दुधातून जड चूर्ण दिलं तर आधी पोट गच्च होतं, मग झोप कुठून येणार? ज्येष्ठमधाचंही तसंच. बीपीवाल्यांनी ते रोज घेऊ नये, दाब वाढतो.

आणखी एक. चिकित्सेचे तीन प्रकार चरकानेच सांगितलेत, दैवव्यपाश्रय (मंत्र, पूजा वगैरे), युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. चूर्ण-काढे दुसऱ्या प्रकारात येतात. सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मन आवरणं. त्याला बोलणारा माणूस लागतो, बाटली लागत नाही. समुपदेशन हे परदेशी खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांना हे जरूर सांगा. तुमच्या सासूबाईंनाही कदाचित याच भाषेत पटेल.

नाडी न बघता मी इथे औषध सांगणार नाही. ताराचंद आयुर्वेदिक रुग्णालयाच्या ओपीडीत घेऊन जा किंवा जवळच्या वैद्यांकडे, पण जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. रुग्ण आमच्यापासून ॲलोपॅथीची गोळी लपवतात आणि डॉक्टरांपासून आमचा काढा.

रानवाटा

वनस्पतीवाली असल्याने माझं घोडं पुढे दामटते. निशिगंधा, ब्राह्मी वटीत ब्राह्मी म्हणून काय आहे ते बघ. पुण्यात कुंडीत लावतात, नर्सरीत 'ब्राह्मी' म्हणून मिळते, ती बहुतेकदा गोल, कातरलेल्या कडांच्या पानांची मंडूकपर्णी असते. जलब्राह्मी अगदी वेगळी. मांसल, लहान, बोटाच्या पेरापेक्षाही छोटी पानं, पाणथळ जागी पसरते, फूल फिकं जांभळट-पांढरं. दोघींच्या कुळाचाही संबंध नाही आणि आतली रसायनंही वेगळी. मंडूकपर्णी औषधी नाही असं नाही, वैद्यांनी वर लिहिलंच आहे. पण जलब्राह्मीवरचे अभ्यास वाचून मंडूकपर्णीची चटणी खाण्यात मतलब नाही.

शंखपुष्पीचा गोंधळ तर याहून मोठा. याच नावाने उत्तरेत एक वनस्पती देतात, इकडे विष्णुक्रांता, दक्षिणेत चक्क गोकर्ण.

रविवार पेठेत काष्ठौषधी घ्यायचीच असेल तर चूर्ण न घेता अख्खी मुळी घ्या आणि घरी कुटा. अश्वगंधेची चांगली मुळी सरळ, बाहेरून फिकट तपकिरी, मोडली की कट्कन तुटते आणि आत पिठूळ पांढरी दिसते. चिवट, दोऱ्यादोऱ्याची, लाकडासारखी असेल किंवा पोत्यात काडीकचरा जास्त दिसला तर पुढच्या दुकानात जा. चूर्ण झाल्यावर त्यात मूळ किती आणि पाला-खोड किती, हे तुमच्या-आमच्या डोळ्यांना कळत नाही. हौशी लोकांसाठी माहिती म्हणून, वनस्पतीची ओळख पटवून देण्याचं काम पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत होतं. घरगुती पुडीसाठी कुणी तिथवर जाणार नाही म्हणा.

आणि कृपा करून जटामांसीच्या मागे लागू नका. हिमालयातली वनस्पती आहे, मुळासकट उपटतात, पार संपत आलीय. बाजारातली किती खरी, हा वेगळाच प्रश्न.

निशिगंधा_कोथरूड

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

फार्माबाई, गोळ्यांच्या लेबलवर 'सर्प' एवढं दिसतंय, पुढे फाटलंय. खाली 'खुरासानी' असं काहीतरी. टीएसएच वर्षभर तपासलेला नाही, हे आत्ता फाइल बघून कळलं.

फार्माबाई

त्या गोळ्या आजपासून बंद. आजपासूनच. बीपी रोज मोजा आणि डॉक्टरांना फोन करून सर्पगंधेचं सांगा.

जुनं_खोड

सर्पगंधेवर गप्प बसवेना. ही आपल्याकडची सगळ्यात गाजलेली मनोरोगावरची मुळी. बिहारकडे तिला 'पागल की दवा'च म्हणत. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवर ती चालते असं लिहिलं. मग १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचे अनुभव मांडले आणि जगाचे कान टवकारले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. काही वर्षं मनोरुग्णालयांतून आणि रक्तदाबाच्या दवाखान्यांतून त्याचा बोलबाला होता.

आणि मग लक्षात आलं की रक्तदाबासाठी घेणारी काही माणसं खिन्न होतायत. काहींच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार यायला लागले. मेंदूतली कोणती रसायनं कमी झाली की माणूस उदास होतो, या शोधाला जी सुरुवात झाली त्यात या मुळीचा मोठा वाटा आहे. म्हणजे वनस्पती खरीच कामाची होती, पण काम दोन्ही बाजूंनी करत होती. जी वनस्पती मनावर काही करू शकते ती नको तेही करू शकते. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणणाऱ्याला मी नेहमी सर्पगंधेची गोष्ट ऐकवतो.

वैद्य_रास्तापेठ

खोडबुवा, उत्तम. पुस्ती जोडतो. सर्पगंधा घनवटीच्या प्रचलित पाठात सर्पगंधेबरोबर खुरासानी ओवा, जटामांसी, पिंपळमूळ आणि भांगही असते. ती बीपीच्या गोळीबरोबर, उदास बाईला, एका नातेवाइकाकडून दुसऱ्या नातेवाइकाकडे पोचते, हे बघून कपाळाला हात लावावासा वाटतो. तसंच 'रस' नावाच्या गोळ्यांचं. स्मृतिसागर रसात पारा, हरताळ, मन:शीळ आहे. हरताळ आणि मन:शीळ ही सोमलाची (आर्सेनिकची) खनिजं. कायद्याने अशा औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असं छापावं लागतं, ते उगाच नाही.

चहाटळ

मग त्या इन्स्टावरच्या अश्वगंधा गमीज? स्ट्रॉबेरी फ्लेवर. मी ऑफिसात सगळ्यांना वाटल्यात.

फार्माबाई

चहाटळ, डबा उलटा करून बघ. त्यावर चौदा आकडी अन्न परवाना असेल तर ते कायद्याने औषध नाही, खाऊ आहे. आयुर्वेदिक औषधावर औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असतो. खाऊ म्हणून विकलेलं औषधासारखं रोज घ्यायचं आणि वर 'सप्लिमेंटच तर आहे' म्हणायचं, याला अर्थ नाही. अश्वगंधेच्या पूरकांमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेलीत. प्रमाण कमी आहे, पण आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं काही दिसलं तर बंद करून थेट डॉक्टर. गरोदर बायकांनी तर घ्यायचीच नाही, तेव्हा ऑफिसात वाटताना जरा विचारून वाट.

डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेच्या पूरकांवर बंदीच घातली.

वैद्य_रास्तापेठ

ज्या डॅनिश अहवालावरून ही बंदी आली त्यावर आपल्याकडून हरकती घेतल्या गेल्यात, हेही सांगा ना. पान, मूळ, अर्क यांत फरक न करता निष्कर्ष काढले, हा आक्षेप आहे. मी बंदीच्या बाजूचा नाही. पण गमीजच्या बाजूचा त्याहून नाही.

पेठेतला_खवचट

वैद्य आणि फार्माबाई इतके सहमत झालेले बघून धागा वाचनखुणेत टाकला आहे.

अबोली_७७

पहिल्यांदाच लिहितेय. मला नैराश्याचं निदान झालं होतं, गोळ्या चालू होत्या. बरं वाटायला लागल्यावर ओळखीतल्या एकांनी सांगितलं की या गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा हे विलायती झाडाचं कॅप्सूल घे, ऑनलाइन मिळतं, सेंट जॉन्स वर्ट. माझ्या डॉक्टरांनी वेळेवर अडवलं. चालू गोळ्यांबरोबर ते घेतलं तर मेंदूतलं सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं, ताप, थरथर, गोंधळ, वेळ पडली तर आयसीयू. आणि गर्भनिरोधक गोळ्यांसकट कितीतरी औषधांचा परिणाम ते कमी करतं.

मला कुणाला घाबरवायचं नाही. मी आजही रात्री गवती चहा घेते, डॉक्टरांना ते माहीत आहे. पण झोप न लागणं आणि जगावंसं न वाटणं यांत फरक आहे. निशिगंधाताई, सासूबाईंना हा प्रश्न सरळ विचारा, विचारल्याने कुणाच्या डोक्यात खूळ शिरत नाही. अडीअडचणीला १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मी एकदा रात्री लावलाय, समोरच्या बाई घाई न करता बोलल्या.

टेकडीकर

अबोली, लिहिलंस हे फार बरं केलंस.

निशिगंधा, तपासणीला जाताच आहात तर बी१२ पण करून घ्या. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते कमी असणं फार सामान्य आहे, पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाच्या अभ्यासातून ते पुढे आलंय. बी१२ कमी असलं की थकवा, उदासपणा, विसरभोळेपणा येतो, आणि आपण ब्राह्मी शोधत बसतो.

निशिगंधा_कोथरूड

धागा वर काढतेय, कारण बरंच काही घडलं.

टीएसएच खूपच खाली आला होता. डॉक्टरांनी थायरॉइडच्या गोळीचा डोस उतरवला, अश्वगंधा आणि त्या फाटक्या लेबलवाल्या गोळ्या बंद. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. अश्वगंधेमुळेच झालं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, वय वाढलं आणि वजन उतरलं की आधीचा डोसही जास्त होऊ शकतो, चूर्णाने भर घातली असेल, पण आता दोन्ही एकदम बदलल्यावर नेमकं सांगता येणार नाही. बी१२ही कमी निघालं, इंजेक्शनं चालू केलीत.

धडधड थांबली आहे. रात्री साडेचार-पाचपर्यंत झोप लागते. म्हणजे अर्धा प्रश्न गोळ्यांचा होता. उरलेला अर्धा त्यांच्या गेलेल्या बहिणीचा, मावशींचा आहे, तो आहे तिथेच आहे. अबोली, तू म्हणालीस तसं सरळ विचारलं. त्या रागावल्या नाहीत. "मरावंसं नाही गं वाटत, पण दुपारी चार वाजता फोन वाजत नाही" असं म्हणाल्या. त्या दोघी रोज चारला बोलायच्या, हे मला सून म्हणून माहीत होतं, पण डोक्यात कधी बसलं नव्हतं.

वैद्यांचं सत्त्वावजय मात्र कामी आलं! 'चरकाने सांगितलंय' म्हटल्यावर समुपदेशकांकडे यायला तयार झाल्यात. अट एकच, येरवड्याच्या दिशेला नको. त्यांच्या समाधानासाठी वैद्यांकडेही जाऊन आलो, पाकिटांची पिशवी घेऊन. त्यांनी थायरॉइडचा पुढचा रिपोर्ट येईपर्यंत पोटातलं काही दिलं नाही, फक्त रात्री तळपायाला तूप आणि काशाची वाटी. ते माझा मुलगा करतो, आजीचे पाय चोळताना दोघांच्या गप्पा चालतात.

आता मदत हवीय. कोथरूड, कर्वेनगर, डेक्कन या भागात ज्येष्ठ नागरिकांशी मराठीत बोलणाऱ्या, दुपारची वेळ देणाऱ्या समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? बाई असल्या तर उत्तम. जिना नको, लिफ्ट असावी. चारच्या सुमाराची वेळ मिळाली तर सगळ्यात बरं.

रानवाटा

व्यक्तिगत निरोप केलाय. दोन नावं आहेत, दुसऱ्यांकडे लिफ्ट आहे पण पार्किंगची बोंब, रिक्षाने जा.